कालव्यावरनं दिसलं ते

निरगुडसर
ता. २ मार्च, रविवार

चि. सोमनाथ यास,

तुकाआत्याचा आशीर्वाद. आमी बरं हाय, तू बरा असशील, असं लिवत्यात म्हणून लिवलं. आता कामाचं.

तू फोन उचलत न्हाईस. गोकुळच्या फोनवरनं केला, सुनंच्या फोनवरनं केला. वाजतोय, वाजतोय आन् बंद. म्हणून नातवाच्या वहीतलं पान फाडलं. कागदाला कट करायचं बटन नसतं. पप्पूचा टेम्पो तरकारी घिऊन चाकणला येतो, त्याला सांगितलंय की खोलीवर जाऊन हातात द्यायचा, दाराखाली सरकवायचा न्हाई. मी सातवीपातुर शिकले, अक्षर वाकडं हाय. वाच गप.

मेंढरं बरी हायेत. दोन व्याल्या. गोकुळ आता दिस बुडायच्या आत सगळी वाघरीच्या जाळीत घालतो, टेकाडाकडं कुणी फिरकत न्हाई. फॉरेस्टवाल्यांनी टेकाडाखाली पिंजरा लावला व्हता, आत शेळी. एक बिबट्या गावला. सगळं गाव बघाय पळालं, पोरं पिंजऱ्याला पाठ लावून सेल्फी काढत व्हती, जसा काय नवरदेव आलाय. मी त्या फॉरेस्टवाल्याला इचारलं, "ह्योच का त्यो?" तर म्हणतो, "आजी, असं सांगता येत नाही." मग धरला कशाला? घिऊन गेलं कुठं तरी. मी बी बघितला. कुत्र्याएवढाच दिसला मला.

चौकात फ्लेक्स लावला व्हता तुझ्या मामांचा, माझ्या मालकांचा. 'कै. जानकू' लिवून पुढं दोन ओळी, खाली सतरा जणांची तोंडं. मामांचं तोंड त्या सगळ्यांत बारीक. आधार कार्डावरचा फोटो, दुसरा व्हता कुठं? वाऱ्यानं फाटला, मी म्हणलं बरं झालं.

परवा मंगल आली व्हती अवसरीहून. तुझी आई कधी रडत न्हाई, ठाऊक हाय तुला. ती चुलीम्होरं बसली आन् पदर तोंडात घातला. म्हणली, "वन्सं, त्यानं मंचरचं फोटोचं दुकान बंद केलं. कॅमेरा एका दोस्ताला दिला, दिवे दुसऱ्याला, बसायचं स्टूल सुदीक दिलं. विकलं न्हाई, नुसतं दिलं. आन् मला म्हणतो, आई, तू आत्याकडं राहायला जा, तिथं करमंल तुला."

मी म्हणलं, "पोरांची खुळं असत्यात, कंपनीत लागलाय, दुकान कशाला पायजे?" तिला चहा दिला, वाटंला लावलं. पण मला झोप न्हाई. माणूस लांब निघाला की असं वाटून-आवरून ठेवतो. तू कुठं निघालाईस रं?

तुझ्या डोक्यात काय शिरलंय ते मला कळतंय. मातीच्या दिवशी तू गोकुळला म्हणालास, "मीच बसायला लावलं." एवढंच. मग जे तोंड मिटलंस ते मिटलंसच. दहाव्याला आलास, लांब बाभळीखाली उभा राहिलास, न जेवता गेलास. म्हणून पयल्यापासनं लिवते, नीट वाच.

माघातल्या पुनवंला तू आलास. हातभर लांब भिंग, कुणाकडनं तरी मागून आणलेलं, धाकट्या पोरासारखं छातीशी धरून. म्हणालास, "आत्या, टेकाडाच्या टोकावर मामांना उभं करतो, मागनं चंद्र उगवंल. आपण कालव्याच्या भरावावरनं काढायचा." मी म्हणलं, जवळच्या माणसाला बघाय एवढं लांब कशाला जायचं? तर म्हणालास, लांबनंच काढावा लागतो; जवळनं काढला तर माणूस मोठा आन् चंद्र टिकलीएवढा; लांब जाऊन ह्या भिंगातनं बघितलं की माणूस चंद्रात मावतो. मला त्यातलं काय कळलं न्हाई. पण मामांनी ठेवणीतलं धोतर काढलं, तांबडा पटका काढला. ज्या माणसाला गोकुळच्या लग्नात नवा सदरा घालाय दोन माणसं लागली, त्यो सकाळपासनं तयार. "माझा भाचा मला चंद्रात बसवणार हाय," असं पारावर सांगून आलं व्हतं.

मामा टेकाडावर, आपण दोघं कालव्यावर. तुझं दोन्ही हात कॅमेऱ्याला, म्हणून फोन माझ्या कानाला. तू सांगायचं, मी फोनमधनं त्यांना सांगायचं. मामा डावीकडं. मामा अजून थोडं डावीकडं. चंद्र निघाला, पण तू म्हणालास त्या जागंच्या खाली निघाला. मामा मधी खांबावाणी. तवा तू म्हणालास, "आत्या, मामांना बसायला सांग."

आता बारकाईनं वाच. लाईन तवाच तुटली व्हती. फोन माझ्या कानाला व्हता पण आत काय न्हाई, मुकाट. तू घाईत, चंद्र वर सरकतोय, म्हणून मी नुसतं व्हय व्हय केलं. मी सांगितलंच न्हाई त्यांना. त्यांनी फोन केव्हाच खिशात घातला व्हता. ते बसलं ते आपल्या गुडघ्यापायी. गुडघं दुखायलं की जाईल तिथं बसायची खोड व्हती त्यांना, देवळात बसत, बँकेच्या पायरीवर बसत.

चावडीम्होरं बोर्ड हाय, सांजच्याला वाकू नका, बसू नका, बसलेलं माणूस बिबट्याला शेरडाएवढं दिसतं. मामांना काय वाचाय येत नव्हतं? जन्म टेकाडावर गेला. तरी बसलं. त्यांची ती खोड. तुझं बोलणं माझ्यापाशी येऊन थांबलं, पुढं गेलंच न्हाई.

झालं. एवढंच सांगायचं व्हतं.

ते कॅमेऱ्यातलं कार्ड तुझ्यापाशी हाय, असं मंगल म्हणली. तू अजून बघितलं नसशील. बघू नको. त्यात काय न्हाई. भामा नदीत टाकून दे आन् हात धुऊन जेव.

होळी आलीया. मामा गेल्यावरचा पयला सण. माहेरच्यानं यायची रीत हाय, तुझा बाप न्हाई, तवा तूच ये. पोळ्या करायच्या न्हाईत औंदा, भाकरी-आमटी खाऊन जा.

तुझी आत्या,
तुकाबाई


निरगुडसर
ता. १२ मार्च, बुधवार

सोमनाथ,

काल सांजच्याला सुनंच्या फोनवर तू धाडलेला फोटो आला. खाली एक अक्षर न्हाई. सोनलनं बघितला आन् फोन पालथा घालून भांडी घासाय बसली, घासलेलीच परत घासाय लागली. मी म्हणलं, "आण हिकडं." तर म्हणते, "आत्याबाई, नका बघू." मी म्हणलं, "अगं, मी तो व्हताना बघितलाय."

बघितला.

चंद्र परातीएवढा, तांबूस, कडंला धुरळा. मधी मामा, काळं. खाली बसलेलं, काठी मांडीवर आडवी, पटक्याचा शेव सुटलेला. आन् फोन कानाला. सोनलनं बोटानं फाकवून मोठा करून दाखवला, कानावरची बोटं सुदीक मोजता येत व्हती. एवढं लांबनं एवढं साफ दिसतं, हे मला कुठं ठाऊक व्हतं? मी आपलं माझ्या डोळ्यांच्या हिशेबानं खोटं लिवलं.

व्हय, खोटं लिवलं. लाईन तुटली नव्हती.

मी म्हणले बघू नको, म्हणूनच तू बघितलंस. महिनाभर तुला धीर झाला नव्हता, माझ्या कागदानं झाला. आता माझ्या ध्यानात आलं. मंगल म्हणते, काल तिनं फोन केला तर तू उचललास आन् लई शांत बोललास. लहानपणीचं काय काय इचारत व्हतास. तिला बरं वाटलं. मला न्हाई वाटलं. तिनं घरातलं फवारणीचं औषध शेजारी नेऊन ठिवलंय, तू अवसरीला गेलास तर म्हणून. पण तू अवसरीत कुठं हाईस? तू एकटा खोलीत हाईस. हे मी मागच्या कागदात लिवलं न्हाई, लिवलं तर खरं व्हईल असं वाटलं. आता लिवलं.

आता जे झालं ते सांगते. ह्यात काय राखलं न्हाई.

तू म्हणालास, बसायला सांग. मी फोनमधी म्हणले, "अवं, जरा बसा. चंद्र तुमच्या कमरंखाली ऱ्हातोय."

तर मामा म्हणालं, "सांजच्याला टेकाडावर बसत्यात व्हय? येडी झाली का काय?"

तू हे ऐकलं न्हाईस. तुझं डोळं भिंगात. मला पटलं बी व्हतं त्यांचं, घडीभर. पण तू हिकडनं घाई करतोयस, "आत्या, चाललाय, चाललाय, दोन मिनिटांत गेला," आन् मला बी त्या खेळाचा कंटाळा आलेला, घरी चूल पेटवायची राहिलेली. मी म्हणले, "बसा म्हणलं की बसा. पोराचा फोटो नासंल. घटकाभराचं काम, उगा नाटकं नकोत."

ह्या माणसानं उभ्या जन्मात माझं ऐकलं न्हाई. डोळं दाखवा म्हणलं, न्हाई. बिडी सोडा म्हणलं, न्हाई. गोकुळला येगळं घर बांधू द्या म्हणलं, न्हाई. त्या दिवशी ऐकलं. खाली बसलं आन् म्हणालं, "बसलो. सांग त्याला, बसलो म्हणावं. नीट काढ म्हणावं, आपल्या लग्नात कुणी एक फोटो काढला न्हाई, ह्यो भितीला लावू." मग म्हणालं, "गार लागतंय. तू जा, भाकरी टाक."

मी म्हणले, "टाकते."

एवढंच शेवटचं बोलणं. हे कुणाला ठाऊक न्हाई, गोकुळला बी न्हाई. आता तुला ठाऊक झालं.

मग तू म्हणालास, "आत्या, बघ, बघ, मामा चंद्रात बसलं." मी त्या मागच्या बारक्या काचंत बघितलं. लई बरं दिसलं. आता काय सोंग आणू? असं बरं मला ते कधी दिसलं न्हाईत. हळदीत बी न्हाई. मी हसले. तू बी हसलास. मग मामांच्या पाठीमागं खाली गवतात दोन कान वर आलं, आन् मी म्हणले, "अगं बाई, मोत्या बी आला फोटोत." तू म्हणालास, "आता मोत्याला बी मजुरी द्यावी लागंल," आन् बटन दाबलंस. परत दाबलंस.

मोत्या घरी दाव्याला व्हता. मीच बांधला व्हता, फोटोत लुडबुड नको म्हणून. तरी ध्यानात आलं न्हाई. दोघांच्या बी न्हाई. फोन तवा बी माझ्या कानाला व्हता रं. "मागं बघा" एवढं म्हणायला काय लागतं? पण मला कुत्रं दिसलं. दिसलं ते दिसलं.

मग तू वरडलास आन् आपण पळालो. काचंत ते हात लावावा एवढं जवळ व्हतं, आन् पळाय लागलो तर मधी सगळा ऊस, ढेकळं, ओढा, संपंना. तू चप्पल टाकून पळालास. मी फोनमधी हाका मारत पळत व्हते. पुढचं तुला ठाऊक हाय, उसाच्या कडंचं. ते मी लिवणार न्हाई, तुला लागत न्हाई.

तर असं हाय. बस असं तूच म्हणालास. ते मी पुसत न्हाई, पुसायला गेले तर काय झालं ते बघितलंस. तू म्हणालास, मी पोचवलं, ते नको म्हणत असताना बसवलं, आन् बिबट्यानं नेलं. ह्यातलं एक काढून उरलेलं खरं करता येत न्हाई. पारावर बसून लोक एकट्या तुझं नाव घेत असतील तर त्यांना निम्मंच ठाऊक हाय. होळी झाली की सगळ्यांना सांगणार हाय मी. गोकुळला आधी.

मी तुला माफ केलं असं बी लिवणार न्हाई. ती काय ताकाची वाटी हाय, हिकडनं तिकडं द्यायला? आन् माझी मी कुणाकडं मागू?

पण एक सांगते, ते ऐक. मामा चंद्रात बसलेलं अख्ख्या दुनियेत दोघांनी बघितलं. फोटो बघून न्हाई, जितं बघितलं. हसताना बघितलं. तुला वाटत असंल की तू गेलास म्हणजे हिशेब मिटला. मिटत न्हाई बाबा. तुझ्या वाटणीचं बी माझ्या डोळ्यांत येऊन पडंल. मी रोज सांजच्याला ते बघते, चूल पेटवायला बसले की बघते. आता दोघांत वाटून हाय म्हणून अजून भाकरी थापते. एकटीला न्हाई झेपायचं. मी लई घट्ट बाई हाय, गाव म्हणतं, पण एवढी न्हाई.

तू मेलास तर माझ्यावर उपकार करत न्हाईस, मला टाकून पळतोयस. असं स्पष्ट लिवलं, राग आला तर येऊ दे. राग आलेलं माणूस निदान उठून बसतं.

आता माझं काय ठरलंय ते.

उद्या होळी. दुपारच्या एस.टी.नं मी निघते. गोकुळला सांगितलं न्हाई, मंगलला न्हाई. वरीस व्हायच्या आत विधवेनं सणाच्या दिवशी गाव सोडू न्हाई म्हणत्यात. म्हणू द्यात. मंचरला गाडी बदलायची आन् चाकणच्या स्टँडला उतरायचं. पप्पू म्हणला, "काकू, पहाटं टेम्पोत बसा की, खोलीच्या दारात सोडतो." मी न्हाई म्हणले. त्याला बजावलंय, कागद हातात द्यायचा आन् सरळ माघारी फिरायचं, माझ्यासाठी थांबायचं न्हाई.

मी मंचरच्या पलीकडं एकटी कधी गेले न्हाई. तुझी खोली कुठं ते मला ठाऊक न्हाई, पप्पूला मुद्दाम इचारलं न्हाई. फोन आणत न्हाई, आता मला फोन कानाला लावायचा न्हाई. लांबचे बोर्ड वाचता येत न्हाईत, डोळ्यांत फूल पडलंय. परतीची गाडी मी बघणार न्हाई. त्या गर्दीत दिस बुडायच्या टायमाला लाल काठाचं लुगडं नेसलेली एक म्हातारी, पिशवीत भाकरी, तीच मी. कुणी इचारलं तर सांगीन, माझा भाचा न्यायला येतोय.

कुणी दुसरा आला तर मी त्याच्यासंगं जाणार न्हाई. मंगल आली तरी न्हाई, गोकुळ आला तरी न्हाई. तू येईस्तवर मी तिथंच.

तुझ्या एकट्याच्या भरवशावर घरातनं निघालेली,
तुकाआत्या